आतल्या भागांची पूजा

आयुधपूजेच्या, म्हणजे हत्यारं-यंत्रं पूजायच्या खंडेनवमीच्या, दुसऱ्याच दिवशी तेनमोळीच्या कॉम्प्युटरने मान टाकली. पडदा निळा व्हायचा आणि यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. वेळही अशी साधली होती की विचारू नका. अप्पा साठ वर्षांचे झाले म्हणून उद्या ते अम्माच्या गळ्यात पुन्हा एकदा ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधणार होते, आणि कोइंबतूरच्या त्या हॉलमध्ये सगळ्या गोतावळ्यासमोर दाखवायची फिल्म याच यंत्रात अडकली होती. जुने फोटो, गावची गाणी, वारलेल्या आजीचा आवाजसुद्धा तेनमोळीने खपून खपून त्यात जोडला होता. आता फक्त फिल्मची फाइल तयार व्हायची होती, आणि तीच दर वेळी अर्ध्यात गचकत होती.

अप्पा, म्हणजे सेन्नियप्पन, गिरणीतले निवृत्त फिटर. एरवी मिक्सर जरा कुरकुरला तरी पाना घेऊन धावायचे. आज मात्र झोपाळ्यावर गुपचूप बसून कालचे उरलेले सुंडलचे चणे टिपत होते.

तेनमोळीला आधी वाटलं, यंत्र तापत असेल. तिने झाकण उघडलं, तर आत धुळीचा कण नाही, पंख्याची पाती लख्ख. तिला जरा नवलच वाटलं. मग जुन्या कॉम्प्युटरचा वीजपुरवठ्याचा डबा काढून जोडून पाहिला, तरी रडगाणं तेच. शेवटी तिने मेमरीची चाचणी लावली आणि पडदाभर लाल ओळी उमटल्या. चोर सापडला म्हणून ती खूश झाली. खटके दाबून तिने मेमरीची पहिली पट्टी उपसली आणि बघतच राहिली.

पट्टीच्या सोनेरी दातांवर अंगाऱ्याच्या तीन आडव्या रेघा, मधोमध कुंकवाचा टिळा. दुसरी पट्टीही तशीच, न्हाऊनमाखून देवळात निघाल्यासारखी.

"अप्पा, पूजा बाहेरून करायची असते हो."

आता अप्पांना राहवेना. "नुसत्या डब्याची कसली पूजा, कण्णू बाळा? गिरणीत आम्ही अख्खं मशीन खोलायचो, एकेक चाक पुसायचो, मग अंगारा लावायचो. काम आतच होतं ना? आणि तुझं पोट यावर चालतं, म्हणून जरा जास्तच लावला."

"आमच्या लग्नात माझ्या आधी मांडवातल्या जनरेटरला कुंकू लागलं होतं," स्वयंपाकघरातून अम्मा म्हणाली. "उद्या तरी पहिला नंबर माझा लावा म्हणावं."

तेनमोळीला इतकं हसू आलं की रागवायचं राहूनच गेलं. तिने खोडरबराने पट्ट्यांचे दात घासले, खाचा ब्रशने झाडल्या आणि पट्ट्या पुन्हा कट्कन बसवल्या. या वेळी चाचणीत एकही लाल ओळ आली नाही.

दिवेलागणीच्या आत फिल्म तयार झाली. आजीच्या आवाजात "सेन्निया, जेवलास का रे?" असं ऐकू आलं, तसे अप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे टिपले.

झाकण लावून तिने अंगाऱ्याचं तबक त्यांच्यापुढे धरलं. "घ्या, लावा आता. झाकणावर, हवा तेवढा."

अप्पांनी बोटं अंगाऱ्यात बुडवली, झाकणाकडे पाहिलं, आणि तीन रेघा तिच्याच कपाळावर ओढल्या.

"काल जागा चुकली होती," ते म्हणाले.