काळतुशीची रात्र

"शिडी लाव, नूरभाय, आन तो दिवा मारून टाक," सुकरी म्हणाली.

नूरमोहम्मदनं शिडीला हातही लावला नाही. सौरदिवे बसवत जव्हार-मोखाड्याची गावं पालथी घातलेला हा माणूस. दिवा लावा म्हणून पाया पडणारे त्यानं खूप पाहिले होते, विझवा म्हणणारी ही पहिलीच. आणि तीही सुकरी! गेल्या वर्षीच्या पावसात रात्री अंगणातच मण्यार चावून तिचा नवरा गेला, म्हणून साखरशेत गावातला हा खांब त्यानं सरकारी नकाशाला बगल देऊन तिच्या दारासमोर आणला होता. हे पुण्य तो अधूनमधून घरी ऐकवतही असे.

"मावशी, झालं काय?"

"भात बघ."

दिवाळी होऊन गेली होती. आजूबाजूची शेतं कापून मोकळी झाली होती आणि खांबाखालचा तुकडा मात्र श्रावणात असावा तसा हिरवागार उभा होता. लोंबी एक नाही. हे काळतुशी भात, गरवं, म्हणजे सगळ्यांत उशिरा पिकणारं. सासूनं मरताना सुकरीच्या ओटीत घातलेलं. आता गावात दुसऱ्या कुणाकडे ते उरलं नव्हतं. गेल्या वर्षी नवऱ्याच्या दुःखात पेरणी हुकली. बी आणखी एक वर्ष ठेवलं तर उगवलं नसतं, म्हणून यंदा तिनं शेवटचा दाणासुद्धा पेरला होता, आणि रानडुकरांपासून राखायला सोपं म्हणून दारासमोरच.

"घराच्या कुडाच्या सावलीत भाताची चार चुडं निसवली व्हती. पाखरांनी खाल्ली," सुकरी म्हणाली. "उजेड नाय तिथं लोंबी आली, उजेड हाये तिथं नाय. मी काय येडी हाय?"

नूरमोहम्मदनं मुलीला फोन लावला. आफरा जव्हारला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती.

"अब्बा, मावशी बरोबर बोलतायत. झाडाच्या आत घड्याळ असतं. ते रात्र मोजतं. रात्र लांबली की गरवं भात पोटरी धरतं, मग लोंबी बाहेर टाकतं. तुमच्या दिव्याखाली रात्र झालीच नाही! त्याला अजून पावसाळाच वाटतोय."

"आज विझवला तर?"

"महिन्यानं निसवेल. मग दाणा भरायला आणखी महिना. शेतात पाणी आहे का?"

शेताला भेगा पडल्या होत्या. फोन स्पीकरवर होता, सुकरीनं सगळं ऐकलं.

"पानी मी घालीन. झऱ्यावरनं डोईवर आणीन, दोन म्हैनं. तू दिवा मार."

झरा अर्धा तास खाली होता. नूरमोहम्मदला तिचा रागच आला. इतकी आशा माणसानं धरू नये. तरी तो चढला. केलं होतं त्यानंच, निस्तरायलाही त्यालाच हवं होतं. तो तार सोडवायला लागला तोच शेजारची रामी धावत आली.

"ए भाय! माझी पोर सकू रोज अंधार पडल्यावर जीपमधून उतरून याच वाटनं येते. काळोख करून मारता काय तिला?"

वाट शेताच्या बांधावरूनच जात होती. दिव्याला पत्रा लावून आड केलं असतं तरी काळोख शेतावर आणि वाटेवर सारखाच पडला असता.

"दोन म्हैनं कंदील घेऊन जा तिच्या सामने!" सुकरी ओरडली. "बी जाईल गो माझं! सासूला काय सांगू मी?"

"तुझा नवरा कंदील घेऊनच भाईर आला व्हता ना?"

सुकरीनं अंगणाकडे पाहिलं. रामीला आपल्या बोलण्याची लाज वाटली, पण बोललेलं मागे घेता येईना. वर नूरमोहम्मद हातात तार धरून तसाच राहिला. डोंगरापलीकडे ऊन उतरलं.

"जोड, नूरभाय," सुकरी म्हणाली.

"मावशी, खांब हलवायचा अर्ज करतो मी. आठवडाभरात..."

"जोड म्हनते ना."

त्यानं तार जोडली. अंधारू लागताच दिवा आपोआप लागला. सुकरीनं घरातून विळा आणला आणि कडेपासून भात कापायला बसली. कच्च्या भाताचा ओला वास सुटला. "बैलाला व्हईल," एवढंच ती म्हणाली. नूरमोहम्मदला रडू फुटलं. पाठ करून तो शिडी बांधत बसला.

खाली रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सकू बांधावरून आली, दप्तर एका खांद्यावर, नजर मोबाइलमध्ये. पाय कुठं पडतोय हे तिनं एकदाही पाहिलं नाही. ती घरात शिरेपर्यंत सुकरी विळा थांबवून बघत राहिली. मग तिनं पुढचं चूड मुठीत धरलं.