दांडीवरचा माणूस

स्वरूपा इंजिनिअरिंगच्या मेकॅनिक्समध्ये तीन मार्कांनी गेली होती आणि परवा पुन्हा तोच पेपर होता. आता गेली तर वर्ष वाया जाणार, हे अख्ख्या अंथुर्णे गावाला पाठ झालं होतं. अभ्यासाला पुस्तक होतं जुनंजाणतं, जाडजूड. चुलतबहीण संस्कृतीनं दिलेलं. पण उंदराची अक्कल बघा, सातशे पानांतली नेमकी शेवटची, उत्तरांची पानं त्यानं खाल्ली होती.

ओसरीवर बसून ती एकच गणित तिसऱ्यांदा खोडत होती. दोन टेकूंवर आडवा बीम, उजव्या टेकूच्या पुढं आलेलं त्याचं टोक आणि त्या टोकावर भार. डाव्या टेकूचा जोर काढायचा होता. दर वेळी उत्तर वजा येई आणि पोरगी रडकुंडीला येई. टेकू तर वर ढकलतो, मग वजा कसा? मागच्या पेपरातही असंच उत्तर तिनं खोडलं होतं.

तिचे वडील दत्तोबा उसाला पाणी देऊन आले आणि चहा पीत पुस्तकात डोकावले. इंग्रजीशी त्यांचा छत्तीसचा आकडा, पण चित्र त्यांना कळलं.

"ही तर उलाळ गाडी की गं!"

"म्हंजे?"

"बैलगाडीत मागं ऊस जास्त झाला, की पुढची दांडी वर उठती. बैलांच्या गळ्याला फास बसतो. मग दांडीवर माणूस बसवायचा. आमच्या आबांनी कायम मलाच बसवलं." त्यांनी पेन्सिल घेऊन बीमच्या डाव्या टोकावर एक टोपीवाला बसवला. "हितं वर ढकलून काय उपेग? हितं खालीच दाबाय लागतंय."

स्वरूपा बघतच राहिली. वजा म्हणजे खाली. बरोबर उत्तर ती आपल्याच हातानं खोडत आली होती. तिला हसू आलं, रडूही आलं, आणि बापाचा भारी अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी बारामतीला पेपरात तसाच प्रश्न आला. उत्तरही वजाच आलं. सवयीनं पेन खोडायला गेलं, पण तिनं हात आवरला आणि खाली जाणारा बाण काढला.

महिन्यानं निकाल लागला. कॉलेजच्या फाटकातूनच तिनं फोन लावला.

"आप्पा, सुटला विषय!"

 पलीकडनं दत्तोबा म्हणाले, "दांडीवरच्या माणसाला उतरवलं न्हाईस न्हवं?"

"न्हाय आप्पा. तुमी शेवटपर्यंत तितंच बसला होता."