सत्तेचाळीस टक्के

"मास्तर, मी रोज बघत होते हो. सत्तेचाळीस टक्केच दाखवत होतं," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि मास्तरांनी चष्मा पुसायला काढला.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचा सर्व्हर सकाळीच ठप्प झाला होता. डिस्क काठोकाठ भरली होती, रक्ताचे अहवाल अडकले होते आणि खिडकीपुढे पेशंटांची रांग लागली होती. सर्व्हरवर लक्ष ठेवायचं काम तिचं, म्हणून साहेबांनी तिच्याकडे चारपर्यंत लेखी खुलासा मागितला होता. नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेले. खुलासा पटला नाही तर तिला घरीच बसावं लागणार होतं.

डिस्क किती भरली ते मोजणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, मास्तरांनीच अकरा वर्षांपूर्वी लिहिलेली. आल्यागेल्याला शिकवायची त्यांना भारी हौस, म्हणून तर ते मास्तर. त्यांनी ती स्वतःच्या लॉगिनवरून चालवली. शंभर टक्के. मग स्क्रिप्ट रोज ज्या खात्यातून आपोआप चालायची, त्यातून चालवली. सत्तेचाळीस. महिन्यापूर्वी पासवर्ड बदलले, तेव्हा त्या खात्याचा प्रवेशच बंद झाला होता. मग हा आकडा येत होता कुठून? त्यांनी फाईल उघडली.

'उत्तर आलं नाही, तर मागचाच आकडा दे,' अशा अर्थाची एक ओळ तिथे होती.

अकरा वर्षांपूर्वी नेटवर्क जरा अडखळलं की धोक्याची घंटा वाजायची, साहेब कावायचे. मास्तरांनी ही पळवाट काढली आणि घंटा गप्प झाली. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली होती. ती शाबासकी आठवून आता त्यांचे कान तापले.

त्यांनी ओळ पुसली. आता फाईल सेव्ह केली की झालं. कोणाला काय कळणार होतं? शेजारी ती खुलासा लिहीत होती. 'माझ्या दुर्लक्षामुळे' एवढं लिहून तिचं पेन थांबलं होतं. मास्तरांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी ओळ होती तिथे परत आणली.

"तो कागद दे इकडे."

"का हो?"

"चूक माझी आहे. तुला रोज बघायला शिकवलं मी, आणि बघायला खोटं ठेवलं."

मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला खुलासा साहेबांनी वाचला आणि दुरुस्त करा म्हणाले.

मास्तरांनी तिच्यादेखत ओळ काढली आणि फाईल सेव्ह केली. भिंतीवरच्या स्क्रीनवर प्रत्येक विभागाच्या सर्व्हरची एकेक रेष होती; त्यातली प्रयोगशाळेची हिरवी रेष तुटली. मागोमाग एक्स-रेची, औषधांच्या दुकानाची, नोंदणीची. महिनाभर त्याही जुन्याच आकड्यांवर चालल्या होत्या.

तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. मास्तर उभेच राहिले.