नानच्या ठशाचा एकतिसावा दात

मी ठसा बोलतोय. नानच्या पोटावर फूल उठवणारा, जर्दाळूच्या लाकडाचा, तारेच्या दातांचा ठसा. आमच्या मार्गिलान गावात मला चेकिच म्हणतात. मला शोभेची वस्तू म्हणणाऱ्याच्या जिभेवर मी उठेन, आधीच सांगून ठेवतो! माझं नातं कणकेशी. कच्च्या नानच्या मध्यावर मला दाबलं नाही, तर तंदुरात तो टम्म फुगतो आणि बुडाशी कच्चा राहतो.

मला घडवलं सोबिरजान उस्तानं. उस्ता, म्हणजे उस्ताद, कातारी आहे, लाकूड लेथवर फिरवून गोल करणारा. त्याच्या अंगणातला जर्दाळू वठला, तेव्हा त्यातला एक ठोकळा त्यानं दोन वर्षं खाटेखाली सावलीत सुकवला. लाकडाला घाई केली की ते मागाहून तडकतं, माणसासारखंच. मग एका सकाळी ठोकळा लेथवर चढला. पटाशी लागली, साल गेली, गाठ गेली, मला कंबर आली, डोकं आलं. उस्तानं सरकीच्या तेलाचं एक बोट फिरवलं, आणि मी झालो.

तळाला एकतीस दात ठोकायचे होते. समोर ओयनिसाखान बसली होती, गल्लीतली नानवाली. तिच्यासाठीच मी होत होतो. तिच्या बोलण्याच्या भरात उस्ता एक दात विसरला.

"तुमची टकळी थांबेना ओयनिसाखान, माझा एक दात राहिला की!"

"राहू द्या उस्ता. तुमचेही दोन पडलेत. म्हणून वहिनींनी तुम्हाला बाजारात परत केलं का?"

तो दात राहिला तो राहिलाच. तीस दातांचं फूल आणि एका पाकळीत खिंड. बावीस वर्षं लोक नान हातात घेऊन आधी ती खिंड शोधत. सापडली की म्हणत, "हा ओयनिसाचाच." साखरपुड्याला दोन घरांनी मिळून जो नान मोडायचा, तो तर तिच्याच हातचा लागे. एकदा तिची जाऊ स्वतःचा ठसा घेऊन आली, "हा वापर गं," म्हणाली. ओयनिसा फणकारली, "माझ्या नानवर तुझा ठसा? मग नवराही तुझाच घेते!"

असं माझं सुखाचं चाललं होतं. आणि कारागीर मंडळाचं प्रदर्शन आडवं आलं.

जुन्या सरायच्या ओवऱ्यांत वर्षातून एकदा गावचे कारागीर आपापली कामं मांडतात. कुंभार, विणकर, भरतकाम करणाऱ्या बायका, सगळ्यांना तिथं कलाकार म्हणतात. सोबिरजानला मात्र तीस वर्षं म्हणत आले, "पाळण्याचे पाय करणारा." तो हसण्यावारी न्यायचा. पण त्या संध्याकाळी लेथ रिकामाच फिरत राहायचा, पटाशी उचलली जायची नाही. हे मी ओयनिसाच्या तोंडून ऐकलंय.

यंदा मंडळानं सांगितलं, आपलं सर्वांत चांगलं काम आणा. उस्तापाशी नव्या चकचकीत वाट्या होत्या, दिव्याच्या बैठका होत्या. तो त्या सोडून ओयनिसाच्या दारात आला.

"ठसा द्या तीन दिवस. बावीस वर्षं वापरून एक तडा नाही. याहून चांगलं काम मी केलेलं नाही."

"शुक्रवारी आपल्या गल्लीतल्या खोलमतच्या नातीचा साखरपुडा आहे, उस्ता. गुरुवारी दुपारी मला माझा ठसा हवा. जसा आहे तसा."

"जसा आहे तसा," उस्तानं छातीवर हात ठेवला. आमच्याकडे याउपर कागद लागत नाही.

आता ऐका माझी विटंबना. मंडळाचा चिटणीस बोतिरबेक, कोट घालणारा, बोलताना स्वतःच मान डोलावणारा. उस्ता मला त्याच्या हाती सोपवून घरी गेला. बोतिरबेकनं मला नाकाशी धरलं. "याला कणकेचा वास येतो!" म्हणाला. मग काय अत्तराचा यावा? त्यानं काचकागद घेतला आणि ओयनिसाच्या तळहातानं बावीस वर्षांत चढवलेली झिलई एका तासात घासून काढली. वर वार्निशचे तीन हात दिले. दातांच्या मुळाशी ते गोठलं. एवढ्यावर थांबतो तर माणूस कसला! त्याला खिंड दिसली.

"अरेरे, उस्ताची चूक राहिलीय," असं म्हणून त्यानं एक नवा, पांढरा, चकचकीत खिळा आणून माझ्या खिंडीत ठोकला. उपकार केल्यासारखा!

मग मला काचेत उभं केलं. पुढ्यात पाटी, ‘हात लावू नये’. ज्याला बावीस वर्षं रोज दोनशे वेळा हात लागला, त्याला! शहरातून आलेली एक बाई नवऱ्याला विचारत होती, "हे पाठ खाजवायचं आहे का हो?" नवरा म्हणाला, "छे, केसांचं काहीतरी." मी दात खाल्ले. एकतीस.

गुरुवारी सकाळी उस्ता आला. मला पाहिलं आणि जागीच थिजला. तोंड उघडणार, तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. पहिला मान मलाच! बोतिरबेकनं उस्ताच्या खांद्यावर नक्षीचा झगा घातला, सगळ्यांदेखत त्याला ‘कलाकार सोबिरजान’ म्हटलं. "आणि रिवाजाप्रमाणे," तो मान डोलावत म्हणाला, "पहिलं आलेलं काम मंडळाच्या कपाटात कायमचं राहील."

तीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा आला. उस्ताचा हात झग्याच्या काठावर फिरत राहिला. खरं सांगू? मला त्याचाही राग आला.

दुपार झाली. मी पोचलो नाही, तशी ओयनिसा पोचली. सोबतच्या फडक्यातून तिनं एक नान काढून मंडळींपुढे ठेवला. काट्यानं टोचून भाजलेला, वर फुग्यासारखा फुगलेला, मधे बोट घातलं तर पीठ लागेल असा.

"घ्या. ही तुमची कला. उद्या खोलमतच्या घरी व्याही हाच मोडतील."

बोतिरबेक हसला. "आपा, दुसरा ठसा बाजारात मिळेल की."

तिनं काचेत वाकून माझे दात मोजले, एकदा, दोनदा. मग उस्ताकडे वळली. "हा माझा नाही. माझा कुठाय?"

एवढंच. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

उस्तानं झगा उतरवला, घडी केली, बोतिरबेकच्या हातावर ठेवला. काच उघडली.

"उस्ता, काय करता! मान जाईल! नाव खोडावं लागेल!"

"खोडा. चूक माझी होती, ती काढायची परवानगी मी तुम्हाला दिली नव्हती."

त्यानं कमरेच्या पिशवीतून पक्कड काढली आणि तो पांढरा दात सगळ्यांसमोर उपटला. लाकूड करकरलं. आयुष्यात इतकं गोड मला काही लागलं नव्हतं.

मग घरी लेथवर मला पुन्हा चढवलं. वार्निश सोलताना मी नखभर बारीक झालो. एकेका दाताचं मूळ उस्तानं सुईनं कोरून काढलं, पुन्हा सरकीचं तेल फिरवलं. शुक्रवारी खोलमतच्या घरी नवऱ्या मुलाच्या आत्यानं नान उचलला, खिंडीवर अंगठा ठेवला, म्हणाली, "हा ओयनिसाचाच," आणि मोडला.

उस्ताला गल्लीत अजून पाळण्याचे पाय करणाराच म्हणतात. माझा राग गेलेला नाही, जाणारही नाही. कौतुक करायचं तर आधी विचारा, ही वस्तू कशासाठी आहे. चूक सुधारायची तर आधी विचारा, ती कोणाची आहे.

आणि हो, ती ‘हात लावू नये’ची पाटी. ओयनिसानं येताना ती उचलून आणली होती. त्या शुक्रवारी तंदूर तिच्यावरच पेटवला. छान कोरडं लाकूड होतं.