बोरूच्या माशीचा पिंजरा

मित्रांनो, फुटक्या कुंड्यांच्या मागे धूळ खात उभं असलेलं ते जाळीचं कपाट दिसतंय ना, ते कपाट नाही. तो मी. मी एक जुना पिंजरा आहे. माझ्यात ना कधी पोपट राहिला, ना ससा. माझ्यात माश्या राहायच्या.

माझी चौकट एका सुताराने केली आणि जाळी मच्छरदाण्या शिवणाऱ्या एका मावशींनी शिवली. मोहरीचा दाणासुद्धा अडावा इतकी ती बारीक होती. आत हात घालता यावा म्हणून पुढे एक बाही लावायची होती, सदऱ्याला असते तशी. "आता पिंजऱ्यांनाही सदरे शिवायचे दिवस आले," असं म्हणत मावशी हसल्या होत्या.

तिथून मी आलो एका काचेच्या हरितगृहात. कीटकांचा अभ्यास करणारी एक ताई तिथे काम करायची. त्या वेळी नदीकाठी बोरू, म्हणजे बांबूसारखं दिसणारं गवत, माजला होता. तो मूळचा तिथला नव्हे. कुणीतरी कधीतरी कुंपणासाठी लावला आणि त्याने दोन्ही काठ गिळले. दोन माणसांच्या उंचीचा, आत शिरलं तर दुपारीही अंधार. नावेचा धक्का त्यात कुठे होता, हेही लोक विसरत चालले होते. कापला तर तुकडे वाहत जाऊन पुढे रुजायचे. जाळला तर आणखी जोमाने फुटायचा.

बोरूच्या मूळ देशात मात्र त्याला वेसण घालणारी एक काळी माशी होती. मुंगीएवढी, माणसाला न चावणारी. ती बोरूच्या कोवळ्या शेंड्यात अंडी घालते. शेंड्याला गाठ येते आणि वाढ खुंटते. ताईने ती माशी मागवली. पण बाहेर सोडण्याआधी पाहायचं होतं, की ही दुसऱ्या कशाला तोंड लावणार नाही ना. त्यासाठीच तर मी होतो.

ताईच्या सख्ख्या भावाचं, दादाचं, मक्याचं शेत नदीला लागून होतं. तो एक दिवस तणतणतच आला.

"बोरू नदी खातोय, ते मला दिसतंय. पण तुझी माशी माझा मका खाणार नाही कशावरून? शेवटी दोन्ही गवतंच."

"म्हणून तर तपासतेय, दादा."

"मग माझाच मका घे."

त्याने आपल्या शेतातली रोपं मातीसकट कुंड्यांत भरून आणली. ताईने ती माझ्यात ठेवली आणि माश्या सोडल्या. माश्या पानांवर फिरायच्या, मिशांनी चाचपायच्या आणि निघून जायच्या. दादा पालथी बादली घेऊन माझ्यासमोर तासन्‌तास बसायचा.

मग एका सकाळी एका रोपाच्या खोडाला भोक दिसलं. भोकाखाली भुसा सांडलेला. ताईला ते दिसलं तेव्हा हरितगृहात दुसरं कुणी नव्हतं. ती कुंडी गुपचूप उचलून ठेवणं काही अवघड नव्हतं. पण ताईने दादाला फोन लावला. हरितगृहाच्या प्रमुख साहेबांनाही बोलावलं.

सगळे जमल्यावरच तिने पात्याने खोड उभं चिरलं. आत तपकिरी डोक्याची, ठिपक्यांची जाडजूड अळी होती. ताई काही म्हणणार, इतक्यात दादाच खालच्या आवाजात म्हणाला, "हा तर आमचाच खोडकिडा. माझ्याच कुंडीतून आला."

साहेबांना हायसं वाटलं. "चला, माशी निर्दोष सुटली. या हंगामातच सोडून टाकू."

"नाही साहेब," ताई म्हणाली. "झाडात आधीच किडा होता. माशीने मका नको म्हणून सोडला, की किड्यामुळे सोडला, हे मला सांगता येणार नाही. तपासणी पुन्हा करावी लागेल."

"अख्खा हंगाम जाईल."

दादा बादलीवरून उठला. "जाऊ दे साहेब. नदी माझ्या दारातली आहे, घाई खरं तर मला हवी. पण माझी बहीण थांब म्हणतेय, तर थांबू या."

पुढच्या हंगामात स्वच्छ मातीत, बियाण्यापासून रोपं वाढवली. माश्यांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बोरूच्या शेंड्यांना मात्र गाठीच गाठी आल्या.

मग मला टेम्पोत घालून नदीवर नेलं. दादाने स्वतः बाहीची गाठ सोडली. चिमूटभर मिरपूड उडावी तशा माश्या गेल्या. जमलेले लोक हसले. पहिल्या वर्षी काहीच बदललं नाही, तेव्हा तर दादाचीच थट्टा झाली. त्याने ती मुकाट्याने सोसली. पण हळूहळू बोरू बुटका होत गेला. खाली ऊन पोहोचलं, तिथलं जुनं गवत परत उगवलं, आणि एके दिवशी दादाला अंगणातून नाव धक्क्याला लागताना दिसली. बोरू पुरता संपला नाही. पण माशीमुळे मक्याला एक गाठही आली नाही.

माझं थोडं कौतुक झालं, फोटोही निघाला. मग स्टीलचे पिंजरे आले आणि मी कोपऱ्यात गेलो. ताई निवृत्त झाली. आता माझी बाही उसवली आहे, एका बाजूने उंदरांनी जाळी कुरतडली आहे.

मित्रांनो, जमलं तर मला दोन टाके घाला. नाही जमलं तरी माझी तक्रार नाही. फक्त उघड्या रानात, वाहत्या नदीत काही नवं सोडायची घाई झाली, तर आधी ते असं जाळीआड ठेवा, आणि ज्याला त्याची भीती वाटते त्याला समोर बसवून दाखवा. सोडलेली माशी परत बोलावता येत नाही. थांबायचं असतं ते त्याआधी.