बाई, जरा जवळ या

मी एक जुना मायक्रोफोन आहे. मित्रांनो, माझा स्वभाव पहिल्यापासूनच अस्वस्थ. माझ्या पोटात कागदाहून पातळ धातूची पट्टी आहे. ती बसवताना कारागीर श्वाससुद्धा रोखून धरायचा. त्यामुळे खुर्ची कुरकुरली किंवा कुणी जोरात खोकले, तरी माझ्या जिवाचे पाणी पाणी होते.

माझी उमेदीची वर्षे एका लहानशा स्टुडिओत गेली. एके दिवशी तिथे नाटकात गाणाऱ्या एक बाई जॅझ गाण्यांची तबकडी करायला आल्या. त्यांच्या नाटकमंडळींची बस घाटात कोसळली होती. पियानो वाजवणारा त्यांचा धाकटा भाऊ त्यात गेला. तेव्हापासून भावजयीला गाणे सहन होईना. रेडिओ लागला की ती उठून जायची. भावाच्या चाली पुन्हा तिच्या कानी पडाव्यात, एवढ्यासाठी बाईंचा हा सगळा खटाटोप होता.

पण नाटकाची सवय! बाई पार दाराशी उभ्या राहून गायच्या, तेही अख्खे थिएटर ऐकेल असे. माझी पट्टी थरथरायची.

"बाई, जरा जवळ या," रेकॉर्डिस्ट काकुळतीला आले. "इथे शेवटची रांग नाही हो."

"हळू गायला गेले की रडू येतं," बाई म्हणाल्या. सगळी सकाळ अशीच वाया गेली.

दुपारी भावजय घराची किल्ली द्यायला आली. बाईंनी तिचा हात धरला आणि मला खेटून असलेल्या स्टुलावर तिला बसवले. ही आता उठणार, या धास्तीने मी कासावीस झालो. पण तिच्या कानाशी ओरडणार कसे? बाई निमूट जवळ आल्या आणि अगदी हळू गाऊ लागल्या. मध्येच आवाज फुटला. त्या थांबल्या.

"वन्सं, म्हणा ना पुढे," भावजय म्हणाली. "हे कधी इथे थांबायचे नाहीत."

बाई गायल्या. भावजय रडली, पण उठली नाही.

रेकॉर्डिस्ट तिचे ते वाक्य कापायला निघाले होते. बाईंनी साफ नकार दिला. त्या बसमधल्या इतरांच्या घरीही पुढे ती तबकडी वाजू लागली. बाईंचे फार कौतुक झाले, माझेही थोडे झाले.

मग नवी यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. अंगावर धूळ बसते, मला स्वस्थ पडवत नाही. मित्रांनो, मला पुसून ठेवलेत तर उपकार होतील. फुंकर मात्र मारू नका. आणि कुणाचे माणूस गेले, तर दारातूनच मोठमोठ्याने धीर देऊन परत फिरू नका. आत जाऊन शेजारी बसा. बोलताना तुमचाच आवाज फुटला, तर फुटू द्या.