पिवळ्या पिंपाखालचं गवत

मुलाखतीत साहेबांनी तिला विचारलं होतं, “आमच्याच कंपनीत का यायचंय?”

“समुद्रासाठी,” ती म्हणाली. ते खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं, एवढंच.

तिचे बाबा बंदरातले पाणबुडे. जहाजांचे तळ घासण्यात उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात तशी त्यांनी समुद्रात बाग केली. मोठ्या खडकामागच्या उथळ खाडीत ते समुद्री गवताचं बी लावायचे. तागाच्या छोट्या पिशवीत वाळू आणि बी भरायचं, तोंड शिवायचं आणि श्वास रोखून तळाशी ठेवून यायचं. लोक हसायचे, म्हातारा पाण्यात शेती करतोय म्हणायचे. पहिली काही वर्षं हसण्यासारखंच होतं. मग एका हिवाळ्यात तळ हिरवा दिसायला लागला. त्यात मासळीची पिल्लं आली आणि गेल्या उन्हाळ्यात गवताच्या पात्याला शेपटी गुंडाळून बसलेला समुद्रघोडा दिसला. त्या दिवशी बाबा घरी येऊन दोनदा जेवले.

याच खाडीत एकदा जहाजांचा रंग बनवणाऱ्या या कंपनीचा फोटोवाला आला होता. बाबांनी त्याला स्वतःचा पाण्याखालचा चष्मा दिला, चहा पाजला, समुद्रघोडा दाखवला. पुढच्याच महिन्यात हमरस्त्यावर भलामोठा फलक लागला. बाबांचं गवत, बाबांचा समुद्रघोडा आणि वर कंपनीचं नाव: आम्ही समुद्राला परत देतो.

“फोटो झकास आलाय गं, ठिणगे,” बाबा म्हणाले. लहानपणापासून ते तिला ठिणगीच म्हणायचे, उगाच नाही. तिच्या डोक्यात गेलेली तिडीक उतरलीच नाही.

नोकरीला लागल्यावर तिला बाकीचं कळलं. कंपनीनंही एकदा गवत लावलं होतं, नाही असं नाही. पण साहेबांना ते ऑफिसच्या गच्चीवरून दिसायला हवं होतं. म्हणून त्यांनी ते समोरच्या खोल, गढूळ पाण्यात लावलं आणि खूण म्हणून वर पिवळं पिंप तरंगत ठेवलं. तिथं तळाला उजेड पोचत नाही. गवत बिचारं आठवड्या-दोन आठवड्यांत कुजलं. पण ते पाहतंय कोण? पाहुणे आले की होडी पिंपाला वळसा घालून गुपचूप बाबांच्या खाडीत जायची. पाहुण्यांची सरबराई हे तिचंच काम होतं. ती हसून त्यांच्या हातात टोप्या द्यायची आणि मनातल्या मनात दात-ओठ खायची.

आता कंपनीला ती खाडीच हवी होती. तिची राखण आम्ही करतो, असं सांगून. बंदराच्या अधिकारी बाई गवत पाहून सही करणार, मग खाडीला दोर लागणार, आणि आत जायला कंपनीचा पास.

“पास काढू की,” बाबा म्हणाले. ते नातीला केळं कुस्करून भरवत होते.

“स्वतः लावलेल्या गवतात जायला पास?”

“माझं कुठलं? पाण्याचं आहे.”

“तुम्ही असे बोलता म्हणून ते तसे वागतात.”

“बरं बाई. पण हिच्यासमोर अशी रागानं बघू नकोस. शिकेल ती.”

“शिकू दे,” ती म्हणाली, आणि लेकीच्या गालावरचं केळं अगदी हलक्या हातानं पुसलं.

पाहणीच्या सकाळी तिनं होडीवाल्याला बाजूला घेतलं. होडीवाला म्हणजे तिचा सख्खा मामा.

“मामा, आज वळसा नाही. सरळ पिंपाशी.”

“तुझी नोकरी जाईल.”

“जाऊ दे.”

“माझं कंपनीचं कामही जाईल की.” मामानं डोकं खाजवलं. “जाऊ दे म्हणा. मला पोहायला दाजींनी शिकवलंय, साहेबांनी नाही.”

पाहुण्यांचा चहा तिनं मुद्दाम गच्चीवर मांडला. पेला अधिकारी बाईंच्या हातात देताना ती गोड आवाजात म्हणाली, “साहेब, आपलं गवत कुठं आहे ते तुम्हीच दाखवा ना. तुमच्याइतकं छान कुणाला सांगता येत नाही.”

साहेब फुलले. हात लांब करून म्हणाले, “ते काय, त्या पिवळ्या पिंपाखाली. मी रोज इथं उभा राहून बघतो.”

“कळलं,” बाई म्हणाल्या.

होडी पिंपाशी थांबली तेव्हा साहेब तिच्या कानाशी आले. “पुढं घ्यायला सांग.”

“पुढं कुठं, साहेब? जागा तुम्हीच दाखवलीत.”

मामानं दिव्याचा कॅमेरा पाण्यात सोडला. पडद्यावर आधी नुसता गढूळपणा, मग लोखंडी जाळी, जाळीला प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या शेकडो गाठी, आणि एकाही गाठीत पातं नाही. मधोमध चिखलात रुतलेली कंपनीची पाटी. समुद्राला परत.

तिला तो क्षण चहाच्या शेवटच्या घोटासारखा लागला, तळाशी साखर राहिलेल्या.

“मग फलकावरचं गवत कुठलं?” बाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, “तांत्रिक अडचणींमुळे...”

“आमच्या दाजींचं,” मामा म्हणाला. “खडकामागं आहे. नेऊ?”

“न्या.”

खाडीत पाणी काचेसारखं होतं. बाबा कमरेइतक्या पाण्यात उभे, खांद्यावर नात, बाजूला तरंगत्या टोपलीत बियांच्या पिशव्या. अधिकारी बाई होडीच्या काठावरून वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. खाली हिरवं रान एका लयीत झुलत होतं, त्यातून पिल्लांचा थवा चमकून गेला.

“हे सगळं तुम्ही?”

“बी माझं. वाढायचं काम त्याचं त्यानं केलं,” बाबा म्हणाले.

बाईंनी साहेबांकडे न बघताच सांगितलं, “तुमचा अर्ज मी नामंजूर करतेय. या खाडीची राखण कुणी करायची ते मी यांच्याशी बोलेन. आणि तो फलक उतरवायचा.”

बाबांना माणूस ओशाळलेला बघवत नाही. त्यांनी टोपलीतली एक पिशवी उचलून साहेबांपुढं धरली. “आलाच आहात तर एक लावून जा. सोपं असतं.”

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. पिशवी हातात येताच त्यांची मान होडीतून सोबत आलेल्या कंपनीच्या फोटोवाल्याकडे वळली. फोटोवाल्यानं सवयीनं कॅमेरा वर केला.

तिनं ती पिशवी साहेबांच्या हातातून काढून घेतली.

“ठिणगे, अगं, लावू दे की.”

“नाही, बाबा.”

ती ऑफिसच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली. लेकीनं आजोबांच्या खांद्यावरून तिच्याकडे हात पसरले. तिनं आधी लेकीचा पापा घेतला आणि मग श्वास रोखून खाली गेली.